मिठागरावर काचा

खारकोंड, ता. अलिबाग
४ मार्च २०२४

प्राप्ती बाय,

फोन असताना मामी पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर मी नुसती हो-हो करते आणि ठेवल्यावर आठवतं की विचारायचं ते राहिलंच. शिवाय मला लिहायला-वाचायला उशिरा आलं, त्यामुळे आता हात थांबवावासा वाटत नाही.

विचारायचं ते असं. आपल्या बंद मिठागरावर सौरऊर्जेच्या काचा लावायच्या म्हणून कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली. जागा सामायिक, सहा घरांची. पाच घरं सही द्यायला तयार आहेत, राहिले मी. तुझ्या मामांनी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही, पण गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि ते मला रोज सांगतात.

मिठागर गावाच्या पश्चिमेला. वारं आधी त्याच्यावरून येतं, मग आपल्या घरांवर. चार वर्षांपूर्वीच्या जूनमधल्या त्या वादळात मिठाच्या कोठाराचा एक पत्रा सुटला. एकच. तो आपल्या अंगणापर्यंत कसा आला आणि मामांना कसा लागला, ते तू माझ्या शेजारी उभं राहून पाहिलंस. आता त्याच जागेवर चार हजार काचा लावतो म्हणतात. कंपनीचा इंजिनिअर मुलगा चांगला आहे. "मावशी, काही उडत नाही," म्हणाला. मी म्हटलं, पत्रापण उडत नव्हता, त्या दिवसापर्यंत.

काशी विहिरीवर मला म्हणाली, "मैने, तुजे नवऱ्याला वाऱ्यानी नेला, आता आमचे पोरांचा कामधंदा तू नेतंस काय?" मी बादली भरली आणि आले. तिचंही काही खोटं नाही. तिचे दोघे मुलगे घरी बसून आहेत.

तू तिकडे धाराशिवच्या माळावर अशाच काचांच्या कामावर आहेस. मला कंपनीचं उत्तर नको, तुझं हवं. आपल्या वाऱ्यात त्या टिकतील का? तू हो म्हणालीस तर मी सही करते. नाही म्हणालीस तर गाव माझ्याशी बोललं नाही तरी मी निभावीन.

मामी


धाराशिव
१७ मार्च २०२४

मामी,

तुझं पत्र अंबाजीने आणून दिलं. तो आमच्या फाटकावर पहारा करतो. "कोणाचं पत्र? आजकाल पत्र कोर्टाचंच येतंय," म्हणाला. मी मामीचं म्हटल्यावर त्याने पाकीट हातात घेऊन पुन्हा एकदा पाहिलं.

तुला माझं काम सांगते. इथे काचांच्या रांगा आहेत, नजर पोचणार नाही इतक्या. त्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर आडव्या नळीला बसवलेल्या असतात आणि नळी फिरते. सकाळी पूर्वेकडे तोंड, संध्याकाळी पश्चिमेकडे, सूर्यफुलासारखं. मी कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसते आणि लागेल तेव्हा सगळ्या रांगा एकदम वळवते.

आमचे शत्रू दोन. वारा आला की काचा सपाट करायच्या, ताट ठेवल्यासारख्या. मग वारं वरून-खालून निघून जातं, त्याला धरायला काही सापडत नाही. गारा आल्या की उलट. काचा उभ्या करायच्या, वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे गार सरळ न बसता घसरून जाते. सपाट काचेवर पडली तर फोडतेच.

आपल्याकडे गारा नाहीत. राहिलं वारं, आणि वाऱ्याचा बंदोबस्त करता येतो. सही कर मामी. मी मेमध्ये येईन तेव्हा बांधणीचा नकाशाही बघेन, पण उत्तर होच आहे. काशीमावशीला सांग, तिच्या मुलांना मी कामही शिकवीन.

तुझी प्राप्ती


खारकोंड
२ एप्रिल २०२४

प्राप्ती बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा शेजारच्या म्हाताऱ्या गोदूबाईला मोठ्याने. तिचं वय तुला माहीत आहे. तिला काचांचं काही पडलेलं नाही. तिने एवढंच विचारलं, "त्यात तोंड दिसतं का?" दिसत असेल तर ती सकाळी तिथे वेणी घालायला जाणार आहे.

मी गार कधी पाहिली नाही. वर्तमानपत्रात वाचलं आहे की लिंबाएवढी असते. वारं कळतं मला. ते येण्याआधी खाडीचं पाणी एका बाजूला सुरकुततं, बगळे खाली बसतात. गारेचं असं काही असतं का? आणि दोन्ही एकदम आलं तर? तू ताट करायचं म्हणतेस आणि उभंही करायचं म्हणतेस. चहा गाळताना मला हे सुचलं. तुमच्यात त्याचं काही ठरलेलं असेलच.

अक्षय्य तृतीयेला सगळे जमणार आहेत. तेव्हा सही करीन. तू हो म्हटल्यापासून मला झोप बरी लागते.

मामी


धाराशिव
२९ एप्रिल २०२४

मामी,

सही करू नकोस. मार्चमध्ये मी लिहिलं ते घाईत लिहिलं.

माझं काम बदललं आहे, आता मी स्टोअरमध्ये असते. मेमध्ये येणं जमणार नाही. आईला काही बोलू नकोस, ती उगाच माणगावहून इथे यायला निघेल. फोन लागला नाही तर समज की इथे रेंज नसते.

प्राप्ती


खारकोंड
२० मे २०२४

प्राप्ती बाय,

तुझं पत्र सभेच्या आदल्या दिवशी मिळालं. बरं झालं वेळेवर आलं.

सभेत मी उभी राहिले. मला सभेत बोलता येत नाही, तुला माहीत आहे. पण म्हटलं, माझी भाची आतली आहे, आणि तिने लिहून कळवलं आहे की सही करू नका. एवढंच बोलून बसले. मग जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. आतली बाईच नको म्हणते म्हणजे आत काळंबेरं आहे, असं कोणीतरी म्हणालं. दोन घरं तिथल्या तिथे फिरली. पोरांनी कंपनीच्या गाडीच्या चाकांतली हवा सोडली. तो इंजिनिअर मुलगा माझ्याच ओटीवर पंपाची वाट बघत बसला होता. मी चहा दिला. त्याने घेतला आणि कप स्वतः धुवून ठेवला. ते मला बरं वाटलं नाही.

काशी म्हणाली, "तुजी भाची इंजिनेर हाय का पंचांग? मार्चात व्हय, मेमधी न्हाय."

मी तिला काही सांगितलं नाही, पण मला समजलं आहे. तू तिकडे खरं बोललीस आणि त्यांनी तुला उचलून स्टोअरमध्ये टाकलं. होय ना? तुझी आई, किशोरीवन्सं, फोनवर सांगत होत्या की तुला बढती मिळाली, म्हणून स्टोअर सांभाळायला दिलं. मी हो म्हटलं. त्यांना राहू दे तसंच. पण मला तुझा अभिमान वाटतो, तो लिहून ठेवते.

मामी


धाराशिव
९ जून २०२४

मामी,

अभिमान लिहिलास, त्याच्यापुढे मला वाचवलं नाही. ते पत्र आठ-दहा दिवस पिशवीत घेऊन फिरले. आता सगळं सांगते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी आभाळ भरून आलं. गारांचा इशारा आला होता. तू विचारलं होतंस ना, दोन्ही एकदम आलं तर काय. ते ठरलेलं आहे मामी. पडद्याच्या वर भिंतीवर छापून लावलेलं आहे. गारांचा इशारा असेल आणि वारा मर्यादेच्या आत असेल तर काचा उभ्याच करायच्या. वाऱ्याला खांब सोसतात, गारेला सपाट काच सोसत नाही.

मी उभ्या केल्याही होत्या. पण वाऱ्याचा आकडा चढायला लागला. बाहेर कुठलातरी पत्रा वाजत होता. आमच्याच सायकलस्टँडचा, घट्ट बसवलेला, नुसता वाजत होता. आणि मला आपलं अंगण दिसलं. मी काचा सपाट केल्या. शेजारचा मुलगा म्हणाला, "मॅडम, गारांचं आहे ना?" मी त्याला म्हटलं, वारं तू पाहिलं नाहीस.

मग गारा आल्या. आवाज कसा होता ते मला लिहिता येत नाही. थांबल्यावर बाहेर गेलो तर रांगांमागून रांगा पांढऱ्या पडलेल्या. गारांनी नाही, तडकून. वारा मर्यादेच्या आतच राहिला होता. माळावर वाढलेल्या कोणीही त्या वेळी काचा आडव्या केल्या नसत्या. इथल्या लहान मुलांनाही गार ठाऊक आहे. मला वारं ठाऊक होतं, म्हणून मी वाऱ्यालाच घाबरले.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्टोअर मीच मागून घेतलं. तिथे फुटक्या काचा येतात आणि मी त्या लावून ठेवते.

तेव्हा कंपनीत काळंबेरं काही नाही. त्या मुलाची गाडी माझ्यामुळे अडली. सभेत सांग की भाचीचं चुकलं. माझ्या शब्दावर गाव थांबवू नकोस आणि माझ्या शब्दावर सहीही करू नकोस. माझा शब्द आता मलाच पटत नाही.

प्राप्ती


खारकोंड
२८ जून २०२४

प्राप्ती बाय,

तुझं चुकलं. थोडंथोडकं नाही, बरंच चुकलं. चुकलं नाही असं मी लिहिलं तर पुढचं काहीच तू खरं धरणार नाहीस, म्हणून आधी हे.

मला तुझा राग आला का, हे शोधायला मी दोन दिवस घेतले. आला नाही. तू तो पत्रा ऐकलास तसा मीपण ऐकते. बाजारात कोणी शटर ओढलं तरी मी भिंतीला टेकते. चार वर्षं झाली. काशी म्हणते हे जाईल. मला वाटतं जाणार नाही, पण त्याच्यासकट भाजी घेऊन घरी येता येतं. मी येते.

माझंही चुकलं. तुझ्या चार ओळींवरून मी मनाने कथा रचली आणि सभेत उभी राहून सांगितली. काल पुन्हा उभी राहिले आणि म्हटलं, कंपनीने लबाडी केलेली नाही, मी उलटं वाचलं. लोक हसले. काशी म्हणाली, "वाचायला शिकली ना, त्याचे हे परिणाम." पण तीही हसली, बऱ्याच दिवसांनी.

आता ऐक. तो मुलगा नकाशा घेऊन आला होता. मला म्हणाला, "मावशी, हीच बांधणी मराठवाड्यात आहे. काचा फिरतात, गारांत उभ्या राहतात. तिकडे चाललंय, इकडेही चालेल." त्याच्या चेहऱ्यावर काही लबाडी नव्हती. पण मी मनात म्हटलं, तू किनारा घेऊन माळावर गेलीस, आणि हा माळ घेऊन किनाऱ्यावर आला आहे. इथे गारा पडतच नाहीत, मग उभं राहणाऱ्या काचा आम्हाला कशाला? त्या अध्येमध्ये अडकल्या आणि वारं आलं तर?

त्याला हे विचारलं तर तो पुन्हा हसून बोलेल. मला शिकलेलं माणूस हवं, पण चूक न केलेलं नको. कुठे काय फुटतं ते त्याने पाहिलेलं नसतं. तू पाहिलं आहेस. तू ये आणि त्याच्यासमोर बस. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण पत्रातून नको, जागेवर उभी राहून म्हण.

स्टोअरमधल्या काचा पळून जात नाहीत.

मामी


खारकोंड
३ डिसेंबर २०२४

प्राप्ती बाय,

तू दिवाळीनंतर ज्या बैठकीला आलीस, तिच्यात तू सारा वेळ त्या मुलाकडेच बघत होतीस. म्हणून तुला जे दिसलं नाही ते सांगते.

तू म्हणालीस, "मीपण हेच समजत होते की एकीकडे चाललं ते दुसरीकडे चालतं, आणि मी रांगांच्या रांगा फोडून बसले." तेव्हा किशोरीवन्सं माझा हात दाबून बसल्या होत्या. त्यांना हे तिथेच पहिल्यांदा कळत होतं. तुझं लक्ष नव्हतं. पण त्या रडल्या नाहीत. घरी जाताना एवढंच म्हणाल्या, "बढती न्हवती तर."

तू फिरणाऱ्या नळ्या नकोत म्हणालीस, काचा कमी उतारावर पक्क्या बसवा, खांब चिखलाखालच्या घट्ट जमिनीपर्यंत न्या म्हणालीस. मग तू क्लिपा आणि बोल्टांचं विचारलंस. त्यावर तो मुलगा म्हणाला, नेहमीचेच आहेत. तेव्हा मागे बसलेली सगळी माणसं एकदम कुजबुजली. मिठागरावर नेहमीचं लोखंड किती दिवस लोखंड राहतं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या मुलाने तुझं बोलणं खाली मान घालून लिहून घेतलं. त्याला राग आला नव्हता. निघताना मला म्हणाला, "मावशी, ह्या मॅडम आधी भेटायला हव्या होत्या." मी म्हटलं, आधीच्या मॅडम वेगळ्या होत्या.

आता कंपनीचं उत्तर आलं आहे. पक्की बांधणी मान्य, खोल खांब मान्य, गंज न धरणारे बोल्ट मान्य, दर मेमध्ये पावसाआधी एकेक बोल्ट तपासणंही मान्य. एक गोष्ट अमान्य केली होती. गावाकडच्या रांगा गाळून तिथे जागा मोकळी ठेवायची, हे तू सांगितलेलं. मी म्हटलं, मग माझी सही नाही. मला वाटलं आता पुन्हा विहिरीवर ऐकून घ्यावं लागणार. पण काशी उठली. म्हणाली, "मंग माजीबी न्हाय. वारं काय मैनेच्याच घरावरनं जातं?" तिच्यामागे बाकीचे. आठवड्याने तेही मान्य झालं.

मी काल सही केली. हात बराच वेळ कागदावर होता. घाई करा असं कोणी म्हटलं नाही.

तू आता त्या स्टोअरमधून बाहेर ये.

मामी


धाराशिव
१४ एप्रिल २०२५

मामी,

फेब्रुवारीत साहेबांना सांगून मी पुन्हा पडद्यासमोर बसायला लागले. तुला कळवलं नाही, कारण आभाळ येईपर्यंत त्याला काही अर्थ नव्हता.

काल आलं. गारांचा इशारा आणि वारं, दोन्ही. मी काचा उभ्या केल्या. वाऱ्याचा आकडा चढायला लागला. तो पत्रा वाजायला लागला, तोच. मला तेच अंगण दिसलं. मला वाटलं होतं या वेळी दिसणार नाही.

आकडा मर्यादेच्या खाली होता. मी तो मोठ्याने वाचत राहिले, शेजारच्या मुलाला ऐकू जाईल असा. आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसले, म्हणजे ते आपोआप कुठे जाऊ नयेत. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, मी इथेच आहे." गारा थांबेपर्यंत मी तशीच बसून होते.

थोड्या फुटल्या. बाकी सगळ्या उभ्या होत्या. गारा पायाशी ढिगाने पडलेल्या. अंबाजी टोपी भरून घेऊन आला आणि म्हणाला, "घ्या, किनाऱ्यावरच्या माणसाला गार दाखवतो." मी एक तोंडात टाकली. नुसती मातीची चव.

रात्री जेवायला बसले तेव्हाही तो पत्रा कानात वाजत होता. पण जेवले.

तुझी प्राप्ती


खारकोंड
२७ मे २०२५

प्राप्ती बाय,

आपल्याकडे परवा वारं आलं. तू बातम्यांत पाहिलं असशील. तू दिवसभर फोन करत असशील, पण टॉवर अजून बंद आहे, म्हणून हे लगेच लिहिते.

मिठागरावरचं काम महिन्यापूर्वी पुरं झालं. काशीचा मोठा मुलगा तिथेच लागला आहे. मेच्या सुरुवातीला त्याने आणि बाकीच्यांनी सगळे बोल्ट तपासले. मी बांधावर बसून बघत होते. तो मला म्हणाला, "काकी, तू मुकादम हायस काय?" मी म्हटलं, होय.

परवा सकाळी खाडीचं पाणी बदललं. आम्ही सगळे शाळेत जाऊन बसलो, पक्क्या इमारतीत. दुपारी जोर झाला. माडांचा आवाज तसाच होता, बाय. मी तुला खोटं सांगत नाही, मी डोळे मिटून भिंतीला टेकून बसले होते आणि पश्चिमेकडून काय येतं त्याची वाट बघत होते. काशीने माझं मनगट धरलं होतं. कोण कोणाला धरत होतं ते सांगता येणार नाही. गोदूबाई मात्र झोपली होती.

वारं पडल्यावर मी कोणाला न विचारता निघाले. काशी मागून आली. वाटेत दोन माड आडवे, शाळेमागच्या गोठ्याचे पत्रे गेलेले. मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यात झावळ्यांचा खच होता. त्यात काच नव्हती. मी पायाने झावळ्या बाजूला सारत पूर्ण पट्टा बघितला. एक तुकडा नव्हता.

मग रांगांपाशी गेलो. सगळ्या होत्या. खाडीकडच्या रांगेत एका काचेवर कुठूनतरी ओंडका येऊन आपटला होता. काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मी हात लावायला गेले तर काशी ओरडली, "करंट हाय, मरशील." म्हणून आम्ही दोघी तिच्यापुढे नुसत्याच उभ्या राहिलो.

ती तडकली होती, पण जागची हलली नव्हती. चारही बाजूंच्या क्लिपा तिला धरून होत्या. पलीकडे गावाची घरं दिसत होती, आणि लोक शाळेतून आपापल्या घरी परत चालले होते.

मामी